पे अँड पार्कचं डांबर दर पावसाळ्यात का उखडतं, आणि दुरुस्ती कुठून सुरू करायची

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. मुंबईच्या पूर्व उपनगरात स्टेशनजवळ महापालिकेचा पे अँड पार्क आहे, साधारण हजार स्क्वेअर मीटरचा, एका कडेला टू-व्हीलर आणि बाकी जागेत गाड्या, जमीन डांबरी. दर मे महिन्यात खड्डे भरले जातात आणि जुलैत तेच खड्डे त्याच जागी पुन्हा उघडतात. आता तुमच्या एएलएमने, म्हणजे पालिकेकडे नोंदलेल्या रहिवाशांच्या गटाने, वॉर्ड ऑफिसला पत्र द्यायचं ठरवलंय आणि मीटिंगमध्ये तीन मतं पडली, कोणी म्हणतं सगळ्या लॉटवर नवीन डांबर, कोणी म्हणतं पेव्हर ब्लॉक, कोणी म्हणतं एकदाचं काँक्रीट करून टाका. यातलं काय मागावं असं तुम्ही विचारलंय.

मी या कामात २४ वर्षं आहे. पहिली पंधरा एक वर्षं रस्त्याच्या कंत्राटदारांकडे साइटवर, नंतर स्वतःची छोटी कामं, सोसायट्यांची कंपाउंडं, कंपन्यांची आणि सरकारी मालकीची पार्किंग. तेवढ्यावरून सांगतो की या तिघांपैकी काहीही मागायच्या आधी तुम्हाला दोन गोष्टी माहीत पाहिजेत, लॉटमध्ये पाणी कुठून येतं आणि कुठे थांबतं. तुम्हीच लिहिलंय ना, तेच खड्डे त्याच जागी. वाईट माल वापरला असता तर खड्डे कुठेही पडले असते, या वर्षी इथे, पुढच्या वर्षी तिथे. जागा बदलत नसेल तर दोष वरच्या डांबरात नसून त्या जागेखाली काहीतरी आहे आणि बहुतेक वेळा ते पाणीच असतं.

आता आधी हे समजून घ्या की पार्किंग म्हणजे रस्ता नव्हे, आपल्याकडे दोन्हीला एकच औषध देतात म्हणून सांगतोय. रस्त्यावर गाड्या सतत पळत असतात, डांबर चाकाखाली मळलं जातं आणि त्याने ते थोडं जिवंत राहतं. पार्किंगमधल्या डांबरावर गाडी आठ-आठ तास उभी असते नाहीतर जागा रिकामीच असते, ऊन मात्र रोज खातं, त्यामुळे काही वर्षांत वरचा काळा रंग जाऊन राखाडी पडतो, खडी उघडी पडते आणि मग पायाने घासली तरी खडी सुटते. दुसरं म्हणजे गाडी जागच्या जागी उभी असताना लोक स्टिअरिंग फिरवतात, चाक तिथल्या तिथे घासतं आणि पातळ थर असेल तर तो सोलून निघतो. तिसरं इंजिन ऑइल. डांबर पेट्रोलियममधूनच येतं, त्यामुळे ऑइल आणि डिझेल त्याला विरघळवतात, ठरावीक जागेवर रोज रिक्षा नाहीतर टेम्पो उभा राहत असेल तर त्याच्या इंजिनाखाली डांबर मऊ होऊन भुसा झालेला दिसेल. आणि टू-व्हीलरचं साइड स्टँड. मे महिन्याच्या दुपारी डांबराचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंत तापतो, एवढ्या उन्हात त्या स्टँडच्या टोकावर आख्ख्या बाइकचं वजन येतं आणि ते खिळ्यासारखं आत जातं. अशी हजार भोकं पडली की पावसाचं पाणी आत शिरायला दुसरी वाट शोधावी लागत नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीये म्हणून मीच विचारतो. रात्री तिथे काय उभं असतं? बऱ्याच पे अँड पार्कमध्ये रात्री प्रायव्हेट बस, पाण्याचे टँकर, माल भरलेले टेम्पो उभे राहतात. १९५८ ते १९६० मध्ये अमेरिकेत इलिनॉय राज्यात मोठी चाचणी झाली होती, आशो रोड टेस्ट म्हणतात तिला, त्यातून जो ढोबळ नियम निघाला तो असा की रस्त्याचं नुकसान एक्सलवरच्या, म्हणजे चाकांच्या जोडीच्या आडव्या दांड्यावरच्या, वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. आता हिशोब करा, लहान कारच्या एका एक्सलवर साडेसहाशे किलो धरले आणि दहा हजार लिटरच्या भरलेल्या टँकरच्या मागच्या एक्सलवर दहा टन धरले तर वजन पंधरा पट होतं आणि नुकसान पन्नास हजार पटींच्या वर जातं. म्हणजे दिवसभर हजार गाड्या येऊन गेल्या तरी जमिनीला काही होत नाही आणि रात्रीचा एक टँकर पाया बसवून जातो. तुमच्याकडे असं होत असेल तर गेटवर हाइट बॅरिअर, म्हणजे उंच वाहनं अडवणारा आडवा दांडा, लावणं हीसुद्धा जमिनीचीच दुरुस्ती आहे, आणि सगळ्यात स्वस्त आहे. पत्रात ते घालाच.

आता पाण्याकडे येतो. अजून पाऊस संपलेला नाही आणि ही संधी सोडू नका. जोरात पाऊस पडून थांबला की अर्ध्या तासाने लॉटमध्ये जा, जिथे अजून डबकं उभं असेल त्याच्या कडेने ऑइल पेंटने गोल मारा, फोटो काढा, आणि साध्या कागदावर लॉटचा नकाशा काढून त्यात ती डबकी दाखवा. असं दोन-तीन पावसांत करा. मी माझ्या प्रत्येक कामात हा कागद आधी करतो, कारण उन्हात लॉट बघायला गेलं की सगळं सपाट आणि बरं दिसतं, पावसात तो खरा दिसतो. मग बघा की पाणी जायला जाळी आहे का, असेल तर ती जमिनीच्या वर राहिलीये का. हे मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय, आजूबाजूची जमीन बसते आणि चेंबरची फ्रेम आहे तिथेच राहते, मग पाणी जाळीपर्यंत येतं आणि तिच्याभोवती तळं करून थांबतं. उलटंही होतं, दर वेळी थरावर थर चढवतात आणि जाळी खाली बुजून जाते.

पाणी किती असतं याचा अंदाज लोकांना नसतो. मुंबईचं जुनं पर्जन्यजलवाहिन्यांचं जाळं तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी होतं, १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात, म्हणजे याच जाळ्याच्या सुधारणेच्या अहवालात, ते ५० पर्यंत न्यायचं सुचवलं गेलं. ५० मिमी म्हणजे तुमच्या हजार स्क्वेअर मीटरवर एका तासात पन्नास हजार लिटर, दहा हजारवाले पाच टँकर तुमच्या लॉटमध्ये ओतल्यासारखं. त्यात बाहेरच्या रस्त्याची लेव्हल तुमच्या गेटपेक्षा वर असेल तर रस्त्याचं पाणीही आत येतं. आणि भरतीची वेळ असेल तर गटारातलं पाणीच पुढे सरकत नाही, मग तुमच्या जाळीतून खाली जाण्याऐवजी वर येतं. तुमचा भाग खाडीच्या बाजूला, सखल असेल तर हे तपासायलाच हवं, कारण तिथे नुसता ढाळ सुधारून भागत नाही, पर्जन्यजलवाहिनी खात्याला बरोबर घ्यावं लागतं.

ढाळ किती असावा, तर मी डांबराला साठात एक धरतो, म्हणजे ६० फुटांना एक फूट. ऐकायला कमी वाटतं पण लॉट ३० मीटर रुंद असेल तर या हिशोबाने एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अर्धा मीटर उतार लागतो, तेवढा कुठे मिळणार, एका बाजूला दुकानांच्या पायऱ्या आणि दुसऱ्या बाजूला फुटपाथ. म्हणून मोठ्या लॉटमध्ये मधोमध उथळ गटार काढून दोन्हीकडून ढाळ त्यात उतरवायचा, निम्म्या अंतरात काम होतं. वर जाळी मात्र जाड हवी, पातळ जाळी गाडीच्या चाकाने वाकते आणि मग चोरीला जाते.

पाणी वरूनच येतं असंही धरून चालू नका. काही वर्षांपूर्वी एका सरकारी मालकीच्या लॉटमध्ये मला बोलावलं होतं, तिथे एका कोपऱ्यात दोनदा डांबर केलं गेलं होतं आणि दोन्ही वेळा वर्षाच्या आत उखडलं. मी फेब्रुवारीत गेलो तर जमीन ओलसर. फेब्रुवारीत मुंबईत पाऊस कुठला? सिक्युरिटीवाल्या काकांना विचारलं तर म्हणाले, साहेब पहाटे जास्त ओलं होतं. मग मी एक दिवस पहाटे पाचला जाऊन बसलो. त्या भागात पाण्याची वेळ पहाटेची होती, आणि पाणी सुटल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत त्या कोपऱ्यातल्या भेगांतून पाझर सुरू झाला, पाण्याची वेळ संपली की दोन तासांत थांबला. खाली जुनी पाण्याची लाइन फुटलेली होती. जल खात्याने लाइन दुरुस्त केली, आम्ही तेवढा कोपरा खोल खणून मुरूम आणि खडी बदलली, त्यानंतर तिथे काही झालं नाही. दोन वेळा डांबर घालणाऱ्यांपैकी कोणीच पहाटे येऊन बघितलं नव्हतं, आणि मला आजही वाईट वाटतं की तेवढे दिवस गळणारं ते पिण्याचं पाणी होतं. तेव्हा पावसाळा संपल्यावर तुमचा लॉट पाण्याच्या वेळेत एकदा बघून या.

यानंतर जमीन उघडून बघायची. हे तुम्ही स्वतः करू नका, खाली केबल असतात, वॉर्डच्या जेईला (ज्युनिअर इंजिनिअरला) सांगून त्यांच्या माणसांकडून करून घ्या. सगळ्यात वाईट खड्ड्याजवळ दोन फूट बाय दोन फूट चौकोन कापायचा आणि थर मोजायचे. वर डांबर किती इंच, त्याखाली खडी आहे का, ती स्वच्छ आहे की मातीत माखलेली, त्याखाली मुरूम आहे की नुसता भराव, आणि पहार मारली तर किती आत जाते. मुंबईत भरावाच्या जागा भरपूर, खाली डेब्रिज निघतं, चिकट काळी माती निघते, कधी प्लॅस्टिक पण निघतं. असाच एक चौकोन चांगल्या जागीही कापा. दोन्ही शेजारी ठेवून बघितलं की तुम्हाला माझ्यासारख्या कोणाला विचारायची गरज राहत नाही, फरक डोळ्यांना दिसतो.

वरून बघूनही बरंच कळतं. मगरीच्या पाठीसारख्या, जाळीदार बारीक भेगा असतील तर खालचा पाया गेला, तिथे वरून काहीही घाला, टिकणार नाही, खणावंच लागेल. एकच लांब सरळ भेग असेल तर बहुतेक केबलसाठी किंवा पाइपसाठी खणलेल्या चराची कड असते, चर नीट दाबला नव्हता, ती साफ करून गरम सीलंटने भरली की चालते, चर खोल बसला असेल तर मात्र तेवढी पट्टी खणायची. नुसता राखाडी रंग, खडी सुटलेली पण भेगा नाहीत आणि जमीन घट्ट, तर पाया ठीक आहे, तिथे स्लरी सील किंवा मायक्रोसरफेसिंगसारखा पातळ थर पुरतो. हजारातली किती जागा कुठल्या प्रकारात पडते ते रंगाने आखून घेतलं की खर्चाचं चित्र एकदम बदलतं. माझा अनुभव असा आहे की पूर्ण लॉट गेलाय असं वाटतं तेव्हा खणण्यासारखी जागा पाव-तृतीयांशच निघते, पण ती नीट खणावी लागते.

म्हणूनच मी तुम्हाला सगळ्या लॉटवर नवीन डांबर असं पत्रात लिहू नका म्हणतोय. तसं लिहिलंत तर २५-४० मिमीचा कार्पेट, म्हणजे वरून डांबराचा एक पातळ थर, मिळेल, वरून फोटो छान येतील, आणि खालच्या मगरीच्या भेगा एका पावसाळ्यात पुन्हा वर येतील. शिवाय जमीन तेवढी उंच होईल आणि पाणी शेजारच्या दुकानांत शिरेल.

खड्डा नीट भरणं म्हणजे काय ते सांगतो, कारण इथेच सगळ्यात जास्त चोरी आणि आळस असतो. आधी खड्ड्याच्या बाहेर, चांगल्या घट्ट डांबरापर्यंत जाऊन कटरने सरळ चौकोन कापायचा, कडा उभ्या. वेडावाकडा गोल खड्डा भरला तर कडेला डांबराची पातळ चकती होते आणि पहिल्यांदा तीच उडते. आतलं सगळं सैल काढायचं, ओलं असेल तर अजून खोल जायचं, कोरडं आणि कडक लागेपर्यंत. ऑइल पडलेली जागा असेल तर ती झाकायची नाही, कापून टाकायची, ऑइलवर काहीच चिकटत नाही. खाली मुरूम आणि खडी थराथराने भरून कंपॅक्टरने दाबायची, एकदम भरून वरून एकदा रोलर फिरवला तर वरचे चार इंच दबतात आणि खाली पोकळ राहतं. मग तळाला आणि उभ्या कडांनाही इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर. ते लावताना तपकिरी असतं आणि पाणी सुटलं की काळं होतं, काळं होईपर्यंत थांबायचंच, पोरं घाईत तपकिरीवरच माल, म्हणजे डांबर-खडीचं मिश्रण, ओततात आणि मग थर कधीच पकडत नाही. त्यावर गरम माल, जाडी जास्त असेल तर दोन थरांत, आणि दाबल्यावर आजूबाजूच्या जमिनीला अगदी समान. शेवटी सगळ्या कडेवरून डांबराची पट्टी मारायची म्हणजे जोडातून पाणी जाणार नाही.

मालाचं तापमान मी स्वतः मोजतो. आपल्याकडे नेहमी लागणारं व्हीजी-३० प्रतीचं डांबर असेल तर पसरताना माल १४० अंशांच्या खाली नको आणि ९० अंशांच्या आत यायच्या आधी रोलिंग संपलं पाहिजे. प्लांट शहराबाहेर, डंपर ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास अडकतो, वर ताडपत्री नसते, मग साइटवर ११०-११५ ला आलेला माल पसरतात कारण परत पाठवला तर पैसे बुडतात. तो माल दाबलाच जात नाही, आत पोकळ्या राहतात आणि पहिल्या पावसाचं पाणी त्यात बसतं. एका कामावर मी असा एक डंपर परत पाठवायला सांगितला होता आणि माझ्याच कंत्राटदाराने मला बाजूला घेऊन सुनावलं, माल पसरला गेला, आणि ऑगस्टमध्ये बरोबर तेवढीच पट्टी खरवडल्यासारखी उठली. तुमच्या एएलएममधला कोणी रिटायर्ड माणूस थर्मामीटर घेऊन उभा राहिला तरी फरक पडतो, धातूच्या काडीचा मिळतो, फार महाग नसतो.

मोजायची अजून एक सोपी गोष्ट. हजार स्क्वेअर मीटरवर ४० मिमी दाबलेला थर म्हणजे साधारण ९४-९५ टन माल. एका डंपरमध्ये १५-१६ टन धरले तर सहा डंपर झाले. तीनच आले तर जाडी कुठे गेली ते विचारायचा तुम्हाला अधिकार आहे, वजनकाट्याच्या चिठ्ठ्या मागायच्या आणि काम झाल्यावर मोजमाप पुस्तकाची, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहिलेल्या सरकारी वहीची, प्रत माहिती अधिकारात मिळते.

आता पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटचं. इथे सगळं परिस्थितीवर आहे, एकच उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नाही. खाली केबल-पाइप किती, लॉट किती दिवस बंद ठेवता येईल, झाडं आहेत का, टँकर-बस येतात का, यावर ठरतं.

पेव्हर ब्लॉकचा मोठा गुण म्हणजे उचलून परत बसवता येतो. कोणी केबल टाकली, कुठे जमीन बसली, ब्लॉक काढा, खाली सारखं करा, तेच ब्लॉक पुन्हा लावा. ऑइलने आणि साइड स्टँडने त्याला डांबरासारखा त्रास होत नाही, त्यामुळे टू-व्हीलरच्या भागासाठी मला तो आवडतो. पण मुंबईत त्याची बदनामी झालीये ती बसवण्याच्या पद्धतीमुळे. जाडी आधी बघा, पेव्हर ब्लॉकच्या भारतीय मानकाप्रमाणे, आयएस १५६५८ प्रमाणे, ६० मिमीचा ब्लॉक हलक्या वाहतुकीसाठी आणि ८० चा मध्यम, जिथे गाड्या वळतात तिथे मी ८० च्या खाली घेत नाही. टेम्पोतून उतरतानाच टेप लावून मोजायचं, एकदा बसला की कोण मोजणार. ब्लॉकखालची रेतीची गादी पातळ हवी, दाबून २० ते ४० मिमीच्या मध्ये. आपल्याकडे खालची लेव्हल चुकली की ती झाकायला तीच गादी चार इंच भरतात आणि तिथेच ब्लॉक खचतो. दगडाची भुकटी वापरली तर ती पाणी धरून ठेवते आणि वरून गाडी गेली की जोडांतून पिचकारी उडते, तुम्ही पाहिली असेलच. आणि कडेला पक्का कर्ब, म्हणजे काठाचा घट्ट बसवलेला दगड, पाहिजे, नाहीतर ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात, जोड उघडतात, रेती वाहून गटारात जाते, ब्लॉक डुलायला लागतो. डुलणाऱ्या ब्लॉकवर पाय पडून एका आजींचं मनगट मोडलेलं मी डोळ्यांनी बघितलंय, एका सोसायटीच्या गेटवर, तेव्हापासून कर्बशिवाय मी ते काम घेतच नाही. डिझाइन हेरिंगबोन सांगा, म्हणजे एकमेकांत तिरके अडकलेले, गाडी वळताना ते सरकत नाहीत. सरळ रांगेतले सरकतात.

काँक्रीट सगळ्यात जास्त टिकतं यात वाद नाही, भारी वाहनं रोखता येत नसतील तर तेच करावं लागेल. पण ते एकदाच आणि नीट करायचं काम आहे. आधी खालच्या सगळ्या लाइन दुरुस्त करून रिकामे पाइप टाकून ठेवायचे, नाहीतर सहा महिन्यांत कोणीतरी ब्रेकर घेऊन येईल. काँक्रीटमध्ये मुद्दाम सरळ रेषेत कापतात ते जोड वेळेवर, म्हणजे साधारण दुसऱ्या दिवसाच्या आत कापायचे, नाहीतर काँक्रीट स्वतःच कुठेही तडकतं. किमान १४ दिवस ओलं ठेवायचं आणि गाड्यांसाठी २८ दिवस धरायचे. म्हणजे लॉट अर्धा-अर्धा करून बंद ठेवावा लागेल, आणि त्या काळात स्टेशनजवळच्या गल्ल्यांत गाड्या कुठे लागणार याचा विचार पत्रातच करा, नाहीतर तुमचेच शेजारी दहाव्या दिवशी काम उरकायला लावतील. पाणी कमी मारलेलं काँक्रीट वरून धूळ सोडतं, तुमच्या गल्लीत कुठेतरी असेलच तसं.

झाडं असतील तर कुठलाही पर्याय असो, बुंध्याला चिकटून डांबर किंवा काँक्रीट करू देऊ नका, चांगली मोकळी माती सोडायला सांगा. मुळांनी जमीन वर उचलली असेल तर मुळं तोडून लेव्हल करायचा सल्ला मिळेल, तो मानू नका, पावसाळ्यात ते झाड गाड्यांवर पडतं. १९७५ चा वृक्ष संवर्धनाचा कायदा आहे, उद्यान खात्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नसतो. अशा जागी ब्लॉक बरे, थोडा उंचवटा सांभाळून घेतात.

तुमच्या लॉटबद्दल माझा अंदाज विचारलात तर, आणि हा न बघता केलेला अंदाज आहे, मी टू-व्हीलरचा पट्टा ८० मिमी पेव्हरचा करेन, गाड्यांच्या भागात फक्त गेलेल्या जागा खोल खणून भरेन, मधलं गटार काढून ते बाहेरच्या चेंबरला जोडेन आणि गेटवर बॅरिअर लावेन. हे सगळं झाल्यावर पैसे उरले तर वरून ४० मिमीचा एक थर, तोही आधीचा वरचा भाग खरवडून, म्हणजे लेव्हल वाढणार नाही. क्रम महत्त्वाचा आहे, थर शेवटी. पैसे अर्धेच मिळाले तर गटार आणि खणून भरणं करा आणि थर पुढच्या वर्षी मागा. जुनं राखाडी डांबर दिसायला वाईट असेल पण कोरडं राहिलं तर वर्षभर काही होत नाही.

वेळेचं पण लक्षात ठेवा. आपल्याकडे रस्त्याची कामं ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन मे अखेर बंद होतात. मे मध्ये सगळ्यांना एकदम प्लांटचा माल हवा असतो, रात्री घाईत कामं होतात, वळवाची सर आली तर ओल्यावरच पसरतात. तुमचं पत्र आत्ता गेलं तर पाहणी ऑक्टोबरमध्ये होईल आणि काम डिसेंबर-जानेवारीत. तोवर भर पावसात उघडलेला खड्डा तात्पुरता भरायचा असेल तर गोणीत येणारं रेडीमेड कोल्ड मिक्स वापरतात, पण पाणी काढून, कडा साफ करून, आणि पातळीच्या थोडं वर भरून दाबलं तरच. पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गोणी उपडी केली तर दुसऱ्या दिवशी खडी लॉटभर पसरते आणि त्यावरून बाइक घसरतात. सुटे पेव्हर ब्लॉक खड्ड्यात टाकू नका म्हणा, ते उलटून वर येतात.

पत्र देण्याआधी जागा नक्की कोणाच्या ताब्यात आहे तेही बघा. पाटी पालिकेची असते आणि जमीन कधी कलेक्टरची, कधी रेल्वेची, फ्लायओव्हरखालची असेल तर दुसऱ्याच प्राधिकरणाची. पार्किंग चालवणाऱ्या ठेकेदाराच्या करारात किरकोळ दुरुस्ती त्याच्याकडे आहे का हेही विचारा. आणि मागच्या वेळी ज्याने खड्डे भरले त्याचा हमी कालावधी चालू असेल तर नवीन पैशांची गरजच नाही, त्यानेच परत करून द्यायचं असतं. त्यासाठी तुमचे ते रंगाने गोल मारलेले तारखेचे फोटो कामाला येतील.

डबक्यांचा नकाशा झाला आणि तो दोन फुटी चौकोन उघडला की थरांचा फोटो टेप लावून काढा आणि इथे टाका, रात्री कुठल्या गाड्या असतात तेही लिहा. मग किती खोल खणायचं आणि खाली काय भरायचं ते मी नेमकं सांगू शकेन.